मागची दोन चाकं

सून टॉवर दुरुस्त करायची. टेकड्यांच्या माथ्यावर जे उंच लोखंडी टॉवर असतात, त्यांचे दिवे आणि तारा तिच्याकडे. तिथवर जाणारे रस्ते नावालाच रस्ते, म्हणून तिला चारही चाकं ओढतील अशी गाडी हवी होती. नवी परवडणार नव्हती. गावाबाहेरचा एक शिंपी जुनी गाडी विकायला काढतोय असं कळलं, तेव्हा ती सासूला घेऊन भल्या सकाळी निघाली.

सासू अठ्ठावीस वर्षं रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेली. दवाखान्यातले लोक तिला अजून सायरनबाईच म्हणत. गाडीचं काय दुखतंय ते तिला बसल्या जागी कळायचं. घरात कोणाचं काय दुखतंय तेही कळायचं, पण त्याबद्दल ती बोलत नसे.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. साठीचा माणूस, उजव्या पायाने अधू, हातात काठी. गाडी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ जाऊन वर्ष झालं होतं.

"मला चालवता येत नाही," मास्तर म्हणाला, "पण चारही चाकं ओढतात हिची. भाऊ डोंगर पालथे घालायचा हिच्यात."

"बघू की," सायरनबाई म्हणाली आणि स्टिअरिंगवर बसली.

दुकानामागे मोकळं मैदान होतं. धुकं असं उतरलेलं, की मैदानाला पलीकडची कडच नव्हती. सायरनबाई तीन फेऱ्या मारते म्हणून गेली. गाडी धुक्यातून वर यायची, ओल्या गवतावरून सळसळत समोरून जायची आणि विरघळून जायची; मागे नुसता आवाज राहायचा, तोही हळूहळू कापसात गुंडाळल्यासारखा. सून आणि मास्तर कडेला उभे राहून फेऱ्या मोजत होते. तीनच्या सात फेऱ्या झाल्या.

"आई, काय झालं?" गाडी थांबल्यावर सुनेने विचारलं.

"काही नाही गं. मागे कोणी कण्हत नाही ना, त्यामुळे किती वेगाने जायचं तेच कळेना." मग तिने गाडीच्या टपावर हात ठेवला. "फार हलकी वळते ही. मागची चाकं जेवायला आलेल्या पाहुण्यांसारखी आहेत. बरोबर येतात, पण कामाला हात लावत नाहीत."

खात्री करून घ्यायची म्हणून सुनेने मास्तरकडून कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि मागच्या दोन्ही चाकांवर वरच्या बाजूला एकेक पांढरी रेघ ओढली. मैदानाच्या कडेला निसरडा चिखल होता. सायरनबाईने पुढची चाकं त्यात उतरवली आणि हलकेच गाडी रेटली. पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, चिखल उडत राहिला. मागच्या चाकांनी जोर लावला असता, तर गाडी बाहेर निघाली असती. मागच्या रेघा मात्र आभाळाकडे बोट दाखवून तशाच उभ्या होत्या.

"मी खोटं नाही बोललो," मास्तर हळूच म्हणाला.

"तसं कोण म्हणतंय?" असं म्हणत सून बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटत गेली. बाहेर आली तेव्हा तिची पाठ भिजलेली होती. "आई, शाफ्टच नाही. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडाच काढलाय कोणीतरी. आणि नीट काढलाय. दोन्हीकडची तोंडं झाकणं लावून बंद केलीत."

"केवढा असतो तो?" मास्तरने विचारलं.

"माझ्याहून थोडा लांब. दोन्ही टोकांना जाड सांधे, मध्ये एक गाठ."

मास्तर वळला आणि काठी टेकत दुकानाकडे निघाला. दोघी मागोमाग गेल्या.

दुकानात इस्त्रीच्या वाफेचा वास होता. छताखाली दोन हुकांना एक पांढरी दांडी आडवी टांगलेली आणि तिच्यावर शिवलेले, अर्धे शिवलेले कपडे: एका बाहीचा कोट, गणवेश, कोणाचा तरी लांब निळा झगा. दार उघडल्याच्या वाऱ्याने ते सगळे जरासे हलले, झोपेत कूस बदलावी तसे. मास्तरने काठीने कपडे बाजूला सारले. दांडीच्या मध्यावर गाठ होती आणि टोकाला जाड सांधा.

"भावाने लावली," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. "माझा पाय कामातून गेला त्या वर्षी. अकरा वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी मला दुकानात सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. मी एकदा विचारलं, आता डोंगरात जात नाहीस का रे? म्हणाला, कंटाळा आला. मला खरं वाटलं."

सपाट रस्त्याला दोनच चाकं पुरतात, दांडा काढला की पेट्रोलही कमी लागतं, हे सुनेच्या अगदी ओठांवर येऊन थांबलं.

"भंगारात नाही टाकला," सायरनबाई म्हणाली. "रंग दिला वर."

"रोज मान वर करून बघतो मी त्याच्याकडे. कपडा काढायला."

"राहू द्या, मास्तर," सून म्हणाली. "दुसरा मिळेल कुठेतरी."

"नको, पोरी. उतरव. कपड्यांना काय, दोरीही चालते."

सायरनबाईने दोन्ही हातांवर कपडे झेलले. निळा झगा तिच्या खांद्यावर पडला आणि ती गर्दीत सापडल्यासारखी, न हलता उभी राहिली.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने दोन दिवस घेतले. सांधे आखडले होते, ते बदलले आणि शाफ्ट बसवला. मग गाडी लिफ्टवर उचलून त्याने गिअर टाकला. चारही चाकं हवेत फिरू लागली, कुठेही न जाता, जवळजवळ आवाज न करता. सून, सायरनबाई आणि मास्तर खाली उभे राहून वर बघत होते. पुरे का, अशी मिस्त्रीने हाताने खूण केली. तिघांच्या माना वरच होत्या, म्हणून त्याने आणखी थोडा वेळ ती फिरू दिली.

व्यवहार तिथेच ठरला. "उद्या पहिल्या टॉवरवर जातोय," सायरनबाई म्हणाली. "चला की, मास्तर."

मास्तर कडक इस्त्रीचा कोट घालून आला. रस्ता संपला, ओले दगड सुरू झाले, आणि गाडी कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलावं तशी चढत गेली. मास्तर काचेला कपाळ लावून बसला होता. वाटेत एकदाच म्हणाला, "असं असतं होय."

माथ्यावर ढग पायाशी होते. सून टॉवरवर चढली. वरून तिला दोघं दिसत होती, बोटाएवढी. मास्तर एकेक पाऊल टाकत कड्याजवळ जाऊन उभा राहिला. सायरनबाईने त्याला धरलं नाही. एक पाऊल मागे तेवढी राहिली. मध्येच ढग यायचा आणि दोघांना पुसून टाकायचा, पुन्हा रेखून ठेवायचा.

ती उतरली तेव्हा मास्तरचे डोळे लाल होते. वारा असेल. त्याने तिचं मनगट धरून जॅकेटची बाही खाली ओढून पाहिली.

"दोन बोटं आखूड आहे. वर गार वारा शिरत असेल."

"शिरतो."

"हात लांब कर," म्हणत मास्तरने खिशातून टेप काढली. तिने हात पसरला. सायरनबाई गाडी वळवून घ्यायला गेली.