वाहून चाललेली खुर्ची

निशिगंधाने अंगावरची शाल ओढून काढली आणि सोफ्यावर भिरकावली. मांडीवरचा नारळ घरंगळत टीपॉयखाली गेला.

"दादा, आत ये. आत्ताच्या आत्ता!"

बाहेर मांडवात साईनाथ पाहुण्यांना आइस्क्रीम वाटत होता. बहीण कल्याणच्या लॉ कॉलेजात फौजदारी कायद्याची विभागप्रमुख झाली, म्हणून सत्काराचा घाट त्यानेच घातलेला. तो हसत हसत आत आला आणि भिंतीशी उभ्या गोदूबाईला पाहून थबकला. खडवलीच्या फार्महाउसवरच्या राखणदाराची, नाथाची ती बायको. नाथा जाऊन महिनाही झाला नव्हता.

"हिला काय सांगितलंस तू? हिचा नवरा बुडत होता, तुम्ही बघत बसलात, आणि तो गुन्हा नाही. असं मी म्हणाले?"

"म्हणालीसच ना तू फोनवर!"

म्हणाली होती. त्याचाच तर संताप. कोणी बुडत असेल आणि बाकीचे नुसते बघत राहिले तर केस होते का, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा भावाने तिच्या विषयातलं काही विचारलेलं, आणि ही खुळी हरखून गेली. जर्मनीत राहून केलेली पीएचडी नेमकी त्यावरच. तिकडे त्याला शिक्षा आहे, आपल्याकडे आला तो इंग्रजांचा कायदा, त्यात परक्याला वाचवलं नाही म्हणून गुन्हा होत नाही, वगैरे वगैरे. बोलतच सुटली. तो मेला फुकटचा वकील गाठत होता! आणि घरी निशिगंधाला सांगितलं काय, तर नाथाचा पाय घसरला.

"पाण्यात गेलाच कशाला तो?"

"अगं, आम्ही नदीत खुर्च्या टाकून बसलेलो. एक वाहून चालली. मी म्हटलं, नाथा, जा, घेऊन ये. एवढंच."

गोदूबाईने पदर तोंडात धरला. खुर्चीचं तिला आज कळत होतं.

"म्हणजे तू पाठवलंस त्याला."

"खुर्ची आणायला पाठवलं गं! मरायला नाही!"

"लाज वाटू दे जरा! ज्याने पाण्यात पाठवलं, त्याला काठावर बसून बघता येत नाही. तिकडेही नाही आणि इकडेही नाही. माझी पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा सांगतील तुला."

"मग तेव्हाच सांगायचंस ना हे!"

"खुर्चीचं बोललास तू मला?"

साईनाथने दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला.

"हे बघ, तिथे सगळी आपलीच माणसं होती. कोण बोलणार? आणि त्याला पोहता येत नाही, हे मला काय माहीत?"

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची आई, बायजा, औक्षणाचं तबक घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने तबक टीपॉयवर ठेवलं.

"माहीत होतं तुला," ती म्हणाली. "मी वरच्या ओट्यावरून ओरडले, त्याला पवता येत नाय म्हणून. तू मना हात केलास, गप बस म्हणून. आणि मी बसले गप."

"आई, बाहेर पाहुणे आहेत!"

बायजाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोटलेलं दार सताड उघडून ती उंबऱ्याबाहेर आपल्या चपला शोधू लागली.

"चल गं गोदू, पोलीस चौकीवर," ती म्हणाली आणि निशिगंधाकडे वळली. "बाय, तू गाडी काढ."