पूजेतला पाना

उत्तमची कॉलर महिपतच्या मुठीत होती आणि त्याचे डोके मागच्या फळीवर दुसऱ्यांदा आपटले होते. फळीवरचे कीबोर्डचे खोके धडाधड खाली आले. दुकानातली दोन गिऱ्हाइके केव्हाच बाहेर जाऊन उभी राहिली होती.

"काय बोललास? परत बोल!"

"काय नाय काका, सोडा ना! एवढंच विचारलं, प्रणितला विचारलंत का?"

"माझ्या पोराचं मी बघीन. तू ह्या कॉम्प्युटरच्या डब्याचं बघ."

महिपतने कॉलर सोडली. उत्तमने फुटलेला ओठ बाहीला पुसला. तो प्रणितच्याच वर्गातला, लहानपणी महिपतच्या घरी जेवलेला. दुसरा कोणी असता तर त्याने सरळ पोलीस बोलावले असते. याने काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरचे झाकण काढले. आत धुळीचा जाड थर बसला होता.

"पण काका, त्याच्या हाताचं..."

"एकदा सांगितलेलं कळत नाय तुला?"

महिपतची मूठ पुन्हा वळलेली पाहून उत्तमने डब्यात मान घातली.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीत महिपत फिटर होता. गळका पंप, गंजलेला नट, जाम झालेला वॉल्व्ह, सगळ्यांवर त्याच्याकडे एकच औषध होते आणि ते म्हणजे जोर. घरी यायचा तेव्हाही दुसरे औषध सोबत नसायचे. लोखंड ऐकते तर माणसांनी का ऐकू नये, अशी त्याची साधीसरळ समजूत. त्याचे वडील, आबा, गावी पोरांना गोठ्यातल्या खांबाला बांधून चाबकाने झोडपत. महिपत ते चारचौघांत अभिमानाने सांगायचा. मार खाल्ला म्हणून माणूस झालो, म्हणायचा. तो हे सांगू लागला की बायको, सरोज, उठून आत जायची.

दोन वर्षांपूर्वी तो पाळी संपवून घरी आला तेव्हा प्रणित गेम खेळत होता. दुसऱ्या दिवशी पोराचा डिप्लोमाचा पेपर. महिपतने हाक मारली. पडद्यावर तोंडाला काळे फासलेला एक शिपाई बंदुकीने माणसे पाडत सुटला होता आणि पोरगा मान न वळवता म्हणाला, "एक मिनिट, पप्पा." महिपतच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती. त्याने त्यातला मोठा पाना काढला आणि माऊसवर घातला. माऊसवर प्रणितचा हात होता.

माऊसचे तुकडे टेबलाखाली उडाले. महिपत त्या तुकड्यांकडे बघत अर्धा तास शिव्या देत होता. पोरगा हात छातीशी धरून जिना उतरला तो परत आलाच नाही. आंबिवलीला मित्राच्या खोलीवर राहतो, एवढे पुढे कानावर आले.

"या घरात त्याचं नाव काढायचं नाय," महिपतने बजावले. सरोजने एकदा काढले तेव्हा तिच्या कानाखाली अशी बसली की दोन दिवस कान वाजत होता. मग तिने नाव टाकले. ती अधूनमधून आंबिवलीला जाऊन यायची, पण तिकडे काय पाहिले ते स्वतःपाशीच ठेवायची.

पोराविना घर खायला उठत होते. जेवताना महिपतची नजर रिकाम्या पाटाकडे जायची, मग भाजीत मीठ कमी निघायचे आणि ताट भिंतीवर जायचे. पोरगा परत यावा असे त्याला फार, फार वाटत होते. चुकलो म्हणायला मात्र जीभ उचलत नव्हती.

अशात गणपती झाल्यावर कंपनीच्या कँटीनमध्ये एका नव्या ऑपरेटरच्या मोबाइलवर त्याला तोच काळ्या तोंडाचा शिपाई दिसला.

"हा इथे कसा रे?"

"नवीन पार्ट येतोय काका, दसऱ्याच्या आधी. पण साध्या पीसीवर नाय चालणार. मशीन भारी पायजे."

मशीन हा शब्द ऐकून महिपतचा जीव भांड्यात पडला. माफी मागणे त्याच्या हातातले नव्हते, मशीन सुधारणे होते. घरचा कॉम्प्युटर त्या गेमसाठी तयार करायचा, दसऱ्याला पोराला जेवायला बोलवायचे. एकदा खेळायला बसला की राहीलच. म्हणून तो डबा खांद्यावर टाकून उत्तमच्या दुकानात आला होता.

मार खाल्ला तरी उत्तमने काम मन लावून केले. धूळ उडवली, मेमरी वाढवली, जुन्या डिस्कवर तो गेम मावेना म्हणून नवी डिस्क घातली. शेवटी एक भलेमोठे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय जोडला. महिपत शेजारी उभा राहून एकेक स्क्रू स्वतः आवळत होता.

"हळू काका, बोर्ड फुटेल! हा पंप नाय."

महिपतने चक्क हात सैल केला. असे त्याने आयुष्यात फार थोड्या वेळा केले होते.

"झाकण नाय बसणार आता," उत्तम म्हणाला. "कार्ड मोठं आहे, त्याची वायर बाहेर येते. उघडाच राहू दे, हवा पण लागेल. फक्त पाण्याबिण्यापासून सांभाळा."

"आणि गेम चालेल ना?"

"मक्खन! कुठेच अडकणार नाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महिपतने सरोजला फोन लावायला सांगितला. "सांग त्याला, तो नवीन गेम आपल्या घरी चालतोय म्हणून."

"अहो, पण तो आता तसला गेम..."

"पण नको. सांग."

सरोजने फोन कानाला लावला, हळू आवाजात दोन वाक्ये बोलली आणि म्हणाली, "येतो म्हणालाय." महिपत खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलेले बायकोने बघू नये म्हणून त्याने विनाकारण खालच्या रिक्षावाल्याला शिवी हाणली.

महिपतच्या घरात दसऱ्याची हत्यारांची पूजा कधी चुकत नसे. गावी आबा कोयता, नांगराचा फाळ आणि चाबूक पुजायचे. महिपत पाने, पक्कड आणि करवत पुजायचा. पुजलेले हत्यार त्या दिवशी उचलायचे नाही, हा आबांचा नियम. वर्षातल्या त्या एका दिवशी पोरांच्या पाठी वाचत, कारण चाबूक पाटावर झेंडूखाली असे.

सकाळी सरोजने रांगोळी काढली, पाट मांडला. महिपतने पिशवी रिकामी केली आणि सगळी हत्यारे ओळीने लावली. तो मोठा पानाही लावला. सरोज त्याच्याकडे बघून क्षणभर थांबली, मग तिने त्यालाही कुंकू लावले. शेजारी कॉम्प्युटर सुरू होता. मशीन सुरू केले की गेम आपोआप उघडेल असे उत्तमने दुकानातच लावून दिले होते, पडद्यावर शिपाई बंदूक रोखून उभा होता आणि उघड्या डब्यात कार्डाचे पंखे फिरत होते.

"त्याची पण पूजा कर," महिपत म्हणाला.

"कॉम्प्युटरची?"

"यंत्र नाय का ते? पोरगा येईल तेव्हा पूजा झालेली पायजे. हळदकुंकू लाव, पाणी शिंपड. काय राहायला नको."

उत्तमने पाण्यापासून सांभाळायला सांगितले होते, ते महिपत विसरला नव्हता. पण पूजेचे पाणी हे पाणी असते, हे त्याच्या डोक्यातच आले नाही. सरोजने कुंकू लावले, दोन झेंडू वर ठेवले, तिसरा तांब्यात बुडवून त्याने हत्यारांवर पाणी शिंपडले तसेच डब्यावरही शिंपडले.

चट्! आवाज झाला. पंखे थांबले. शिपाई गेला आणि पडदा काळा झाला.

महिपत काही क्षण त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिला. मग वळला आणि त्याने सरोजच्या थोबाडीत मारली. ती पाटावर कोलमडली, समई आडवी झाली, झेंडू खोलीभर उधळले.

"घालवलंस! माझ्या पोराचं सगळं घालवलंस!"

"तुम्हीच सांगितलंत ना हो पाणी..."

तिला केसाला धरून त्याने वर ओढले. दुसरा हात पाटाकडे गेला आणि कुंकू लावलेला मोठा पाना वर आला. सरोजने दोन्ही हात डोक्यावर घेतले. पाना खाली यायला निघाला आणि मध्येच अडकला.

कोणीतरी मागून त्याचे मनगट पकडले होते. महिपतने हिसका दिला, डाव्या हाताने मागे फटका मारला. तो कोणाच्या तरी नाकावर बसला, तरी पकड सुटली नाही. मनगट पिरगाळले गेले आणि पाना फरशीवर आदळला. महिपतने मान वळवून पाहिले. प्रणित होता. नाकातून रक्त ओठावर उतरत होते.

मग त्याला ते बोट दिसले. अंगठा आणि तीन बोटे त्याच्या मनगटावर घट्ट आवळलेली होती. अंगठ्याजवळचे बोट मात्र ताठ उभे होते. पेराशी जाडजूड, वाकडे जुळलेले, मनगटाला न लागणारे.

"हे काय?" महिपतचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

प्रणितने पकड सोडली. "तुम्हाला नाय माहीत?"

तो आईकडे पाहू लागला. सरोज खाली बसून विस्कटलेले केस बांधत होती. "नाव काढायचं नव्हतं ना," ती म्हणाली.

प्रणितने नाक पुसले, आडवी समई सरळ केली आणि भिंतीतले बटण बंद करून प्लग काढला. मग गुडघ्यावर बसून डाव्या हाताने तो उघड्या डब्यातले थेंब रुमालाने टिपू लागला. कार्डावर त्याचा हात थांबला.

"भारी टाकलंय," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी," महिपत म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं सगळं. तू बस. खेळ. मी काय बोलणार नाय."

प्रणितने उजवा हात वर केला. "ह्याच बोटाने गोळी मारायची असते, पप्पा. वळत नाय आता हे."

सरोज उठली. आत जाऊन तिने दोन साड्या पिशवीत भरल्या, गॅस बंद आहे ना ते पाहिले आणि दारात येऊन चपला घातल्या.

"चार दिवस जाऊन येते," ती म्हणाली. "श्रीखंड फ्रिजमध्ये आहे. पुऱ्या डब्यात."

चार दिवसांची ही गोष्ट नाही, हे तिघांनाही कळत होते. महिपतला वाटले, दारात आडवे व्हावे, पोराचे पाय धरावेत. पण ज्या हाताला फक्त उगारायची सवय, त्याला दुसरे काही सुचेना. हात नुसता लोंबकळत राहिला. प्रणितने शर्टाच्या खिशातून आपट्याची पाने काढली. झटापटीत ती चुरगळली होती. बापाला सोने द्यायला आणलेली ती पाने त्याने कीबोर्डवर ठेवली.

"उद्यापर्यंत बटण दाबू नका. वाळू दे," तो म्हणाला आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन जिना उतरला.

महिपतने त्या दिवशी बटण दाबले नाही. पाना पडला तिथेच राहिला, श्रीखंडाला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. संध्याकाळी त्याने प्लग लावून बटण दाबले. पंखे फिरले, पडदा उजळला, शिपाई बंदूक रोखून उभा राहिला.

महिपतने आपट्याची पाने बाजूला सरकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माऊसवर हात ठेवला. अंगठ्याजवळचे बोट त्याने ताठ धरले. झाडांमागून माणसे आली, गोळ्या सुटल्या. ताठ बोटाने बटण दाबायची तो धडपड करत राहिला, बोट नुसतेच घसरत होते. शिपाई पडला. पुन्हा उठून उभा राहिला. महिपतने पुन्हा बोट ताठ केले. शिपाई पुन्हा पडला.

बाहेर दिवे लागले तरी त्याने बोट वाकवले नाही. मशीन कुठेच अडकत नव्हते.