न मोजलेलं येणं

मी एक वायर बोलतेय. लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर आधीच माफी मागते. शब्दही साधेच आहेत. मला हात नाहीत, आणि ज्याच्या हाताने मी लिहितेय त्याची शाळा लवकर सुटली. त्यानंतर त्याने पेन्सिल धरली ती भिंतीवर खुणा करायलाच.

मी तांब्याची. कारखान्यात मला केसासारखं बारीक ओढलं, पुष्कळ तारा पिळून दोन बटा केल्या आणि त्यांवर झगे चढवले, एकीवर लाल, एकीवर काळा. लालमधून वीज जाते, काळीमधून परत येते. अंगावर जाडीचा आकडा छापला, सहा. दुकानात माझ्या शेजारी सोळा नंबरची वायर होती, चांगली अंगठ्याएवढी जाड. दोघींना एकाच गोष्टीची आस होती. भिंतीत कोंडून घ्यायचं नाही, कुठल्यातरी छपरावरून ऊन खाली आणायचं.

एक दिवस दुकानासमोर मोठी व्हॅन थांबली. चालवणारे काका तीस वर्षं ट्रक चालवून नुकतेच घरी बसले होते, आणि बरोबर काकू होत्या. व्हॅनमध्ये त्यांनी पलंग, शेगडी, छोटा फ्रिज असं घरच मांडलं होतं. छपरावर सोलर पॅनेल बसवायचं होतं.

"हिच्या धाकट्या बहिणीकडे निघालोय," काका म्हणाले. "अकरा वर्षं झाली भेट होऊन. फ्रिज मात्र चालायला हवा. हिचं इन्सुलिन असतं त्यात."

"हे जन्मभर हिंडले," काकू म्हणाल्या, "आणि मी शर्ट धुताना धुळीवरून ओळखायचे, आज कुठला रस्ता होता ते!"

"आता तू पुढे बसून रस्ता सांग."

"सांगेन की. ऐकाल तर ना!"

दुकानातला वायरमन गालातल्या गालात हसला. तो फार बोलत नाही, म्हणून दुकानात सगळे त्याला मुक्या म्हणतात. त्याने छपरावरच्या पॅनेलपासून पलंगाखालच्या बॅटरीपर्यंत टेप धरली. नऊ मीटर. किती लांबीला किती जाड वायर, याचा तक्ता भिंतीवर आहे. त्याने नवावर बोट ठेवलं, बोट खाली सरकवलं आणि माझा आकडा आला. मला आभाळ ठेंगणं झालं.

पण वीज जाते तशी परतही येते. लाल नऊ आणि काळी नऊ, म्हणजे अठरा मीटर. तक्त्याला ती पूर्ण लांबी हवी होती. घरातल्या विजेचा दाब मोठा असतो, तिथे अशी चूक खपून जाते. गाडीतली वीज बारा व्होल्टची. तिला लांब जायचं तर वाट रुंद लागते.

निघालो तो पहिला दिवस मी विसरणार नाही. ऊन माझ्यातून धावत होतं आणि पुढून काकूंचा आवाज येत होता, "अहो, डावीकडे! डावीकडे म्हणतेय ना!" मी जीव तोडून राबले. तरी वाटेतच वीज माझ्या अंगात जिरायची आणि बॅटरी उपाशी राहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी फ्रिजची घरघर थांबली. काकूंनी इन्सुलिनची बाटली गालाला लावून पाहिली.

"कोमट झाली हो," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, कुठपर्यंत आलीस?"

"आलेच गं," काकू म्हणाल्या. तोवर गाडी माघारी वळली होती.

दुकानात काका कडाडले. "विकून टाकतो ही गाडी! हिचा जीव टांगणीला लावून फिरायची हौस नाही मला." काकू आत पलंगावर बसून बहिणीसाठी विणलेल्या स्वेटरची घडी मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

दुकानाचे मालक मुक्याच्या कानाशी कुजबुजले, "पॅनेल खराब निघालं म्हण. आपल्यावर कशाला घेतोस?"

मुक्याने गाडीतलं कपाट उघडून मला हात लावला. तिथे सावली होती, तरी मी तापले होते. तो भिंतीशी गेला, तक्त्याखालची बारीक ओळ त्याने बोट ठेवून दोनदा वाचली आणि बाहेर आला.

"काका, पॅनेल चांगलंय. चूक माझी आहे. मी जाणं मोजलं, येणं मोजलंच नाही."

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "जाड वायर टाकली तर फ्रिज चालेल?"

"चालेल."

"मग टाक ना बाळा, उभा काय राहिलास? आणि अहो, गाडी विकायची तर विका, पण आधी मला धाकटीकडे पोहोचवा."

मला उपटून काढलं. माझ्या डोळ्यांदेखत सोळा नंबरची छपरावर चढली. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. मग काकूंच्या उशाशी छोटा दिवा लावायचा ठरलं. "दीड जायला, दीड यायला, तीन," मुक्या पुटपुटला आणि माझा दीड मीटरचा तुकडा त्याने कापून दिव्याला जोडला. तो तुकडा गाडीबरोबर गेला. उरलेली मी दुकानातल्या खिळ्यावर लटकले.

चार दिवस मी रस्त्याकडे तोंड करून होते. माझंच अंग कुठल्यातरी वळणावर असेल आणि मला त्याची खबर नाही. तुम्हाला एक विनंती आहे. वायर बारीक निघाली म्हणून तिला भंगारात टाकू नका. ती जवळच्या कामाची असते, एवढंच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दुकानात फोन वाजला. काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. "पोहोचलो रे! औषध थंडगार आहे. आणि धाकटी माझ्या पलंगावर पाय पसरून बसलीय, तुझ्या दिव्याखाली. उठायला तयार नाही."

मुक्या फक्त "बरं, बरं" म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडलं, मला खिळ्यावरून काढलं आणि फुटपाथवर उन्हात सरळ पसरलं. टेप धरली. साडेसात मीटर. मग टोकाशी जाऊन तो वळला आणि तिथून परत मोजत आला.

"पंधरा," तो मोठ्याने म्हणाला.