ऐकणाऱ्या मुलीच्या गालावरची चीर

मित्रांनो, जरा डोळे मिटा पाहू. समजा, तुम्ही एका मोठ्या नाट्यगृहात बसला आहात. शेवटची घंटा झाली आहे. शेजारचे गृहस्थ अजून खोकत आहेत, मागे कुणीतरी कागदी पुडी वाजवते आहे. दिवे हळूहळू मंद होतात आणि समोर एक भलेमोठे चित्र दिसू लागते. चित्रात एक मुलगी अर्धवट उघड्या दाराशी उभी आहे. तिचा एक हात कडीवर आहे, मान किंचित वळलेली आहे. ती काहीतरी ऐकते आहे. तुम्ही टक लावून बघता, आणि बघता बघता ते चित्र विरघळते. दार जाते, भिंत जाते, आणि त्याच जागी, तशीच मान वळवून, हाडामांसाची मुलगी उभी असते. ती गाऊ लागते.

दिसली ना? आता डोळे उघडा. ते विरघळलेले चित्र म्हणजे मी. मी एक जुना जाळीचा पडदा आहे. आणि आधीच सांगून टाकतो, स्वभावाने मी फार भित्रा आहे. खिळा दिसला, मेणबत्ती दिसली, कुणाच्या हातात चहाचा कप दिसला, की माझे धागे आक्रसतात.

माझ्यासारखा पडदा भित्राच असतो, कारण माझ्या अंगात सुतापेक्षा भोकेच जास्त. समोरून उजेड पडला की माझ्यावरचे रंग उठून दिसतात आणि भोके लपतात. समोरचा उजेड विझवून मागे दिवा लावला, की उजेड भोकांतून वाट काढतो, रंग दिसेनासे होतात आणि पलीकडची माणसे दिसू लागतात. जादू म्हणतात ती एवढीच. पण ती भोकांच्या जिवावर चालते.

माझा जन्म एका रुंद मागावर झाला. मला एकसंध विणले, कारण मध्ये कुठे शिवण आली असती तर मागच्या उजेडात ती काळ्या रेघेसारखी दिसली असती. मग मला एका लांबलचक खोलीत नेऊन जमिनीवर ताणून बसवले. तिथे रंगारीआजोबांची आणि माझी गाठ पडली. हे आजोबा बसून चित्र काढत नसत. लांब काठीच्या टोकाला कुंचला बांधून, पायमोजे घालून, ते माझ्याभोवती फिरत. सरसात कालवलेला पातळ रंग लावायचा, लगेच खाली वाकून फुंकर मारायची, मग पुढचा हात. मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला ते बजावत, "भोकं बुजवू नका रे. भोक बुजलं की तेवढा पडदा मेला." हे ऐकून मी रंगायच्या आधीच पांढराफटक पडत असे.

ज्या चित्राची नक्कल माझ्यावर उतरवली ते फार नावाजलेले होते. 'ऐकणारी मुलगी' म्हणून लोक ते ओळखत. ती नेमके काय ऐकते आहे, यावर मोठी माणसे वाद घालत. आमच्या नाटकात त्याचे उत्तर होते. त्यातल्या चित्रकाराचे कान म्हातारपणी गेलेले असतात. शेजारची एक मुलगी रोज दाराशी उभी राहून त्याला खुणांनी सांगते, आता पाखरू ओरडले, आता कुणी हसले, आता पाऊल वाजले. तो तिचा ऐकणारा चेहरा रंगवतो. पुढे मुलगी दूर जाते आणि म्हातारा चित्रासमोर उभा राहून गाण्यातून विचारतो, "आता काय ऐकू येतंय, सांग ना." तेव्हा माझ्यामागे दिवा लागतो, मी विरघळतो आणि मुलगी गाण्यातून उत्तर देते. सगळे नाटक त्या एका गाण्यासाठी होते.

काय दिवस होते ते! मी विरघळलो की प्रेक्षागृहातून एकदम श्वास ओढल्याचा आवाज येई. टाळ्या गाण्याला पडत, मला ते ठाऊक होते; पण तो ओढलेला श्वास माझा होता. गावोगाव आम्ही फिरलो. मला नळकांडीसारखे काठीवर गुंडाळून नेत, कारण घडी घातली तर रंगाला भेगा पडतात. गाडीत माझ्यावर कुणी बसले तर दिवेवाले मामा ओरडत, "अरे, उठ! त्या पोरीच्या नाकावर बसलायस."

मग लोकांना दुसरी नाटके आवडू लागली. रंगारीआजोबा गेले. एका घाईच्या दिवशी कुणीतरी माझी चक्क घडी घातली आणि जिन्याखालच्या कोठीत ढकलून दिले. माझ्यावर मोडक्या खुर्च्या आल्या. उंदरांचे एक कुटुंब माझ्या खालच्या कोपऱ्यात संसार थाटून, मुले मोठी करून निघून गेले. कोठी आवरायला आलेला एकजण मला चिमटीत धरून म्हणाला, "याच्या मच्छरदाण्या झकास होतील." त्या धास्तीने मी किती काळ अंग चोरून पडलो होतो, मलाच माहीत.

अखेर एक दिवस कोठीचे दार उघडले. नाटक पुन्हा बसवायचे ठरले होते. बसवणाऱ्या बाई नव्या होत्या, दिवेवाले मामा मात्र तेच, फक्त आता केस पिकलेले. त्यांनी मला उलगडले, धूळ झटकली, वाफ देऊन घड्या काढल्या आणि हळूच म्हणाले, "आहेस ना रे जिवंत?"

होतो. आणि मला नवी मुलगी मिळाली. नाटकात व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंची ती लेक. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. तिला माझ्यामागे अगदी जवळ, माझ्यावरच्या मुलीच्या चेहऱ्यामागे चेहरा आणून, स्तब्ध उभे राहायचे होते.

"भिंगरे, पुतळा हो, पुतळा!" नाटक बसवणाऱ्या बाई खालून ओरडत.

"पण बाई, पुतळ्याच्या नाकाला खाज येत नाही!"

सगळे हसत. बाईसुद्धा. पण हसून झाल्यावर त्या एकदा म्हणाल्या, "हे बघ, तुझा आवाज छान आहे. पण उभं राहायला जमलं नाही, तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." ते वाक्य भिंगरीच्या मनात जाऊन बसले. ती मधल्या सुट्टीतही माझ्यामागे येऊन एकटीच उभी राहण्याचा सराव करू लागली. तिचा श्वास माझ्या भोकांतून आरपार जाई. तिचे हृदय धडधडे आणि मीही तिच्याबरोबर घाबरत असे.

अशाच एका सुट्टीत तिच्या आईने हाक मारली. भिंगरीने झटकन मान वळवली. केसातली क्लिप माझ्या जाळीत अडकली आणि टर्रकन आवाज झाला. माझ्यावरच्या मुलीच्या गालावर, डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत, चीर पडली.

भिंगरीने तोंडावर हात ठेवला. आजूबाजूला कुणी नव्हते. ती पळाली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात रंगभूषेच्या खोलीतली एक बाटली, मलमलीचा तुकडा आणि चेहऱ्याला लावायच्या रंगाची डबी होती. रंगभूषाकाकूंना नटाच्या कपाळावरचा व्रण झाकताना तिने पाहिले होते: वर मलमल, तिच्यावर मिशा चिकटवायचा डिंक, त्यावर चेहऱ्याचा रंग. तिने माझ्या गालावर नेमके तेच केले. जीभ दातांत धरून, बोटाने हळूहळू रंग पसरून. मग मागे सरून पाहिले. समोरून काही म्हणजे काही दिसत नव्हते. तो गाल तर बाकी चेहऱ्याहून ताजा दिसत होता. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

माझा मात्र जीव टांगणीला लागला. अगं पोरी, माझी भोके बुजली! मागून दिवा लागला की तिथे काय दिसेल? पण सांगणार कसा? माझ्यावर तोंड रंगवलेले होते, बोलता येत नव्हते.

मागचे दिवे दुरुस्तीला गेले होते. त्यामुळे पुढच्या साऱ्या तालमी समोरच्याच उजेडात झाल्या. बाई माझ्याजवळ आल्या की भिंगरीचा चेहरा उतरे. तिला वाटे, ठिगळ कळेल. मला वाटे, आत्ताच कळू दे, निदान वेळ तरी हाताशी आहे! कळले नाही. मामांनी मागचे दिवे टांगले तेव्हा प्रयोगाचा दिवस उजाडला होता.

"उभी राहा गं जागेवर," मामा म्हणाले. "सोडतो उजेड."

मी विरघळलो. दार गेले, भिंत गेली. भिंगरी दिसू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर, अगदी डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, तळहाताएवढा काळा डाग.

"मामा, हे काय?" बाई जागच्या उठल्या.

मामा जवळ आले. त्यांनी दोन बोटांनी मला चाचपले. "भोकं बुजलीत, बाई. कशाने, ते कळत नाही."

"ओल्या फडक्याने पुसा की."

"सरसाचा रंग आहे. पाणी लागलं तर डागाबरोबर तोंडही जाईल. काय लावलंय ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मग उतरवा पडदा. गाणं गाळू."

"बाई, नाटकच त्या गाण्याचं आहे..."

"मग काय, थोबाडाला काळं फासलेली मुलगी दाखवू लोकांना? दारं उघडायची वेळ झालीय! तुम्हीच कुठला तरी तापलेला दिवा टेकवला असेल, मामा. वितळलं असेल काहीतरी."

मामांनी खाली पाहिले. त्यांनाही आपल्या हातांची आता पूर्वीसारखी खात्री नव्हती. "असेल, बाई," ते म्हणाले. "असेल माझ्याच हातून."

"आणि हा पुन्हा टांगायचा नाही. झालं याचं आयुष्य."

दोऱ्या सैल झाल्या. मी खाली येऊ लागलो. मित्रांनो, माझ्यामागे भिंगरी उभी होती. ती हलली नाही. चित्रातली भिंत तिच्यासमोरून खाली सरकली, दाराची चौकट सरकली, माझ्या अंगाच्या वळकट्या जमिनीवर पडू लागल्या. मला वाटले, संपले. ही बोलणार नाही. बोलली तर हिचे काम जाईल, आणि नाही बोलली तरी गाणे जाणारच आहे. लहान जिवाला एवढा हिशेब कुठून सुचावा?

आणि एकदम तिने खाली येणारी वरची काठी दोन्ही हातांनी धरली.

"मिशांचा डिंक आहे तो!" ती ओरडली.

मग चित्रकाराचे काम करणारे काका म्हणाले, "अस्सं! म्हणून परवा भर गाण्यात माझी मिशी लोंबत होती! अख्खी खोली पालथी घातली मी त्या बाटलीसाठी."

कुणीतरी फसकन हसले. बाई हसल्या नाहीत.

"माझी क्लिप अडकली," भिंगरी म्हणाली. "मीच चिकटवलं. मामांनी काही नाही केलं. त्यांना नका बोलू."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला काढलं असतं."

बाई तिच्याजवळ आल्या. "काढलं असतं," त्या म्हणाल्या. खरे ते त्यांनी लपवले नाही. "आता तेवढाही वेळ नाही. काकू, मिशा कशानं सोडवता तुम्ही?"

"स्पिरिटनं," रंगभूषाकाकू म्हणाल्या. "कापूस आणते."

मामांचा चेहरा उजळला. स्पिरिटने सरस विरघळत नाही. काकूंनी टिपून टिपून डिंक सोडवला, मलमल निघाली, आणि माझी चीर पुन्हा उघडी पडली. भिंगरीच्या आईला बोलावले गेले. त्यांनी माझ्याच खालच्या काठातला एक धागा उपसला, सुईत ओवला आणि चिरेच्या दोन्ही कडा अलगद जवळ आणल्या. भिंगरी कडा धरून बसली होती.

"दुखेल का गं त्याला?" तिने विचारले.

"त्याचं मला माहीत नाही," आई दातांनी धागा तोडत म्हणाली. "तुझ्याशी घरी गेल्यावर बोलते."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारख्या गप्प वस्तू असतील. त्या तुमच्या हातून फाटतील, फुटतील. वापरात असलेल्या वस्तूचे तसे होतेच. त्याने आम्हांला फार वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते कुणी घाईने वरून रंग फासून निघून जाते तेव्हा. म्हणून एवढेच मागतो. आम्हांला हळू हाताळा, आणि काही झालेच तर झाल्या झाल्या कुणाला तरी सांगा. त्या वेळी एका धाग्याचे काम असते.

संध्याकाळी नाट्यगृह भरले. मी टांगलेला होतो, पण माझ्या जिवात जीव नव्हता. टाके नवे होते. कुठे ताण पडला तर? म्हाताऱ्या चित्रकाराने माझ्यासमोर उभे राहून विचारले, "आता काय ऐकू येतंय, सांग ना." समोरचा उजेड विझला. मागचा लागला. मी विरघळलो, प्रेक्षागृहाने श्वास ओढला, आणि भिंगरीच्या गालावर टाक्यांची एक बारीक काळी रेघ उरली. तेवढी राहणारच होती.

पहिल्या रांगेतून एका लहान मुलाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आई, तिला लागलंय."

भिंगरीने ते ऐकले. खाली, रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, व्हायोलिनने गाण्याच्या आधीची ओळ वाजवली. भिंगरी गायली नाही. तिच्या आईला खालून रंगमंच दिसत नव्हता. तिने तीच ओळ पुन्हा वाजवली, जरा हळू. विंगेत उभ्या असलेल्या बाईंनी दोन्ही हातांच्या मुठी आवळल्या. भिंगरीचा श्वास माझ्या भोकांतून भरभर जात होता. तिला पुतळा राहायचे होते, हे तिला ठाऊक होते.

तिने चित्रातल्या कडीच्या जागी धरलेला हात उचलला. बोटाचे टोक माझ्या टाक्यांवर ठेवले, आणि डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, सगळ्यांच्या देखत, ती रेघ हळूच कुरवाळली. मग तो हात तिथेच ठेवून ती गाऊ लागली.