दोन्ही चाव्या

गाडीची चावी फिरत नाही असा फोन आला की मी जागची न उठता तीन गोष्टी विचारते. गिअर जागेवर आहे का, स्टिअरिंग एका बाजूला ताणून अडकलंय का, आणि चावी नक्की याच गाडीची आहे ना? दहातल्या सात जणांचं काम एवढ्यावरच होतं आणि माझी एक चक्कर वाचते. तिसऱ्या प्रश्नाचा लोकांना राग येतो. येऊ दे. दुसऱ्याच कुणाच्या गाडीला चावी लावून अर्धा तास झटापट करणारा एक प्राध्यापक मी याच डोळ्यांनी पाहिलाय.

त्या दिवशी फोन आईचा होता. सकाळचे नऊ वाजले होते आणि मी माझ्या चाव्यांच्या दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं.

"चावी फिरत नाहीये म्हणे," आई म्हणाली. "तुझे बाबा खाली जाऊन परत वर आलेत. साडेअकराला माझं इंजेक्शन आहे."

आईच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज येते. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं आणि ते चुकलं तर जेवढं दिसतंय त्यातलंही जाईल, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलंय. गेली दोन वर्षं बाबा तिला गाडीतून नेतात आणि आणतात. टॅक्सीचं नाव काढलं की आई म्हणते, "घरचा ड्रायव्हर असताना?" त्यावर बाबा मिशीतल्या मिशीत हसतात.

मी बाबांना फोन द्यायला सांगितलं आणि माझे तिन्ही प्रश्न विचारले.

"सगळं करून पाहिलं," बाबा म्हणाले. "नाही फिरत."

तिसऱ्या प्रश्नावर ते चिडले नाहीत. बत्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला, ही तुमचीच चावी ना, असं विचारलं आणि तो गप्प बसला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी पिशवीत हत्यारं भरण्याच्या नादात होते.

बाबा कारखान्यात फिटर होते, टूलरूममधले. मशीनने कापलेला भाग शेवटी हाताने घासून बरोबर मापात बसवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कानस कशी धरायची ते मी त्यांच्याकडूनच शिकले, घराच्या मागच्या खिडकीत बसवलेल्या छोट्या शिकंज्यावर. पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. काम झालं की कडेवरून बोट फिरवायचं, कुठे कूस, म्हणजे धातूचा बारीक काटा, लागली तर काम झालेलं नाही. माझं दुकान चालतं ते त्या खिडकीच्या जोरावर. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, यातलं काही लागलं नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की आई मलमपट्टीचा डबा शोधायला उठते.

घरी पोचले तेव्हा दहा वाजायला आले होते. खाली पार्किंगमध्ये जाऊन पाहिलं. गाडी जुनी, चावीत चिप वगैरे भानगड नाही. चावीने दार उघडलं, इग्निशनमध्ये चावी पूर्ण आत गेली, आणि तिथून पुढे ढिम्म. स्टिअरिंग हलवलं, ते मोकळं होतं. कुलपात कोरडी पावडर फुंकली. काही उपयोग नाही.

वर जाऊन आईकडे दुसरी चावी मागितली. ती तिने कपाटाच्या खणातून, गाडीच्या कागदांच्या पाकिटातून काढून दिली. गाडी घेतल्यापासून ती चावी कुणी वापरलेली नव्हती. मी खाली जाऊन लावली. तीही फिरेना.

आता गंमत बघा. रोजची चावी झिजते हे मी समजू शकते. पाकिटात झोपून राहिलेली चावी कशी झिजेल? मी दोन्ही वर आणल्या, जेवणाच्या टेबलावर बसले आणि एकमेकींना चिकटवून उजेडात धरल्या. दोन्हींचा तिसरा दात जेवढा हवा त्यापेक्षा खाली होता. अगदी सारखाच खाली.

"या कुणीतरी घासल्यात," मी म्हणाले.

हा माझा जुना दोष आहे. डोकं चालायच्या आधी तोंड चालतं. समोर आई उभी होती आणि सोफ्यावर बाबा बसले होते, आणि मी काय बोलले हे मला कळायच्या आत आईने निकाल देऊन टाकला.

"दादा," ती म्हणाली.

तसं वाटायला कारण होतं. रविवारी दादा आला होता आणि जेवताना त्याने पुन्हा तोच विषय काढला होता: बाबा, आता वय झालं, गाडी काढून टाका, आईला मी नेत जाईन. बाबा ताट अर्धं टाकून उठले होते. नंतर दादा बराच वेळ एकटाच बाहेरच्या खोलीत होता, आणि चावी तिथेच खुंटीला असते.

"अगं, थांब जरा," मी म्हणाले, पण आईने फोन लावलासुद्धा. तिला बटणं दिसत नाहीत, म्हणून तिचा प्रत्येक फोन स्पीकरवरच असतो. सगळं घर ऐकतं.

"चाव्या तू घासल्यास?" तिने सरळ विचारलं.

"कसल्या चाव्या?"

"गाडीच्या. वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. माझं इंजेक्शन आहे आज, ठाऊक होतं ना तुला? बापाचा हट्ट मोडायला आईचे डोळे पणाला लावलेस?"

दादा हसायला लागला. "आई, मला चावी घासता येते असं तुला वाटतं, यातच मला आनंद आहे."

"हसू नकोस."

मग तो हसायचा थांबला. "तुला खरंच वाटतं मी असं करीन?" त्याने विचारलं. आईने पर्स जवळ ओढली. त्याने फोन ठेवला.

या सगळ्या वेळात बाबा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसले होते. एरवी दादाची बाजू ते घेत नाहीत हे मला माहीत होतं, पण एक शब्दही नाही? मी मान खाली घालून भिंग काढलं आणि चावी पाहायला लागले, कारण कुठे पाहावं हे मला कळेना.

चावी नवख्या माणसाने घासली की ओळखू येते. कानस मागेपुढे खरडलेली असते, ओरखडे आडवेतिडवे असतात, आणि कडेला धातूची बारीक कूस उभी राहते. या दातावर सगळे ओरखडे एकाच दिशेने गेलेले होते. मी बोट फिरवलं. कुठेही टोचलं नाही. काम झाल्यावर कुणीतरी बारीक पॉलिश कागद घेऊन दोन्ही कडा हलकेच मोडल्या, म्हणजे त्यांची धार घालवली होती. दुसऱ्या चावीवरही तसंच. शिवाय दात निवडलाही होता नेमका, म्हणजे इग्निशन अडेल पण दाराचं कुलूप उघडत राहील. गाडी बिघडवायचीच होती, तर कडा मोडायची काय गरज होती? गरज नव्हती. पण ज्याला चाळीस वर्षांची सवय आहे त्याला कड तशी सोडवत नाही.

अशी चावी घासणारी माणसं मला दोनच माहीत आहेत, आणि त्यातली एक मी.

"बाबा, खाली चला," मी म्हणाले. "दिवा धरायला कुणीतरी हवंय."

ते आले. पार्किंगमध्ये मी गाडीचं दार उघडलं, पिशवीतला शिकंजा जिन्याच्या पायरीवर घट्ट केला आणि दोन्ही चाव्या त्यांच्या हातात ठेवल्या.

"कडा मोडल्यात," मी म्हणाले.

बाबांनी चाव्यांकडे पाहिलं नाही. अंगठा फिरवला फक्त. "बाहेर गेलो की चावी तिच्या पर्समध्ये असते," ते म्हणाले. "कूस राहिली असती तर तिच्या बोटात गेली असती."

राग यायला हवा होता आणि तो येतच नव्हता.

मग त्यांनी सांगितलं, कारखान्यात कुठलं मशीन कसं बिघडलं ते सांगायचे तसंच. गेल्या महिन्यात इंजेक्शन घेऊन परतताना डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर आली. बाबांना ती दिसलीच नाही. कुणीतरी ओरडलं म्हणून ब्रेक दाबला गेला. बाबागाडीचं चाक बंपरपासून एवढ्यावर होतं, असं म्हणून त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं. ते अंतर मापात बरोबर असणार याबद्दल मला शंका नव्हती.

"आई काय म्हणाली?"

"तिला कुठे दिसतं? तिने विचारलं, ब्रेक का मारला. म्हटलं, कुत्रं आडवं आलं."

"आणि कधीपासून दिसत नाही?"

"डाव्या बाजूचं वर्षभर कमी झालंय. समोरचं दिसतं."

"वर्षभर दर महिन्याला तुम्ही डोळ्यांच्या हॉस्पिटलात तासन्तास बसता," मी म्हणाले. "एकदा तरी आत जाऊन सांगावंसं वाटलं नाही?"

"ती पेशंट आहे. मी पण पेशंट झालो तर तिने कुणाच्या भरवशावर बसायचं?" त्यांनी चाव्या माझ्यापुढे धरल्या. "तू सांग, कुलूप गेलं. जुनी गाडी आहे, सुटा भाग मिळत नाही. ती ऐकेल तुझं. दादाला मी समजावीन सावकाश."

तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सावकाश?" मी म्हणाले. "वर तिने त्याला काय काय सुनावलं, आणि तुम्ही ऐकत बसलात. रविवारी तो जे बोलला ते खरं होतं म्हणून बसलात. मी कुणाला काही खोटं सांगणार नाही, बाबा. आणि खरंही मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

मी कामाला लागले. हातमशीनवर नवी चावी कापली, बाकीचे दात होते तसे, तिसरा दात मुद्दाम उंच ठेवला. आता तो थोडा थोडा घासत, लावून बघत, बरोबर उंचीला आणायचा होता. चावी शिकंज्यात धरली आणि कानस बाबांपुढे केली.

"तुम्हीच करा. किती घासलंय ते तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी कानस घेतली. डोळे कुठेतरी समोरच्या भिंतीवर होते, काम बोटं करत होती. चार हात घासून अंगठा फिरवायचा, चावी मला द्यायची, मी लावून बघायची. तीनदा अडली. चौथ्यांदा फिरली आणि गाडी सुरू झाली. बाबांनी चावी परत मागितली, कडा मोडल्या आणि मग मला दिली. स्वतःच्या खिशात घातली नाही.

"चल वर," ते म्हणाले.

आई पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले.

"चाव्या मी घासल्या," ते म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. गेल्या महिन्यात ते कुत्रं नव्हतं. लहान मूल होतं बाबागाडीत. वाचलं. पुन्हा चालवायची माझी हिंमत नव्हती आणि तुला नाही म्हणायचीही नव्हती."

मला वाटलं आई रडेल. ती रडली नाही. तिने पर्सची चेन उघडली, बंद केली.

"आणि मला मुलाला बोलू दिलंत," ती म्हणाली.

"हो."

"डोळ्यांचं नंतर बघू. आधी त्याला फोन लावा."

बाबांनी लावला. स्पीकर चालूच होता. "चावी मी घासली," बाबा म्हणाले. "तुझी आई तुला बोलली आणि मी इथे बसून ऐकलं. चुकलं माझं." उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते, आणि दादानेही ऐकले नसावेत.

"मी येऊ का?" दादाने मग विचारलं.

"संध्याकाळी ये. आत्ता चिमी नेतेय आम्हाला."

चिमी म्हणजे मी. या वयात आणि या वजनाला ते नाव शोभत नाही, पण घरात कोण ऐकतं?

गाडी मी चालवली. आई नेहमीसारखी पुढे बसली, बाबा मागे. आख्ख्या रस्त्यात ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. एका चौकात बाबांनी मला सवयीने, दुसरा गिअर टाक, असं सांगितलं, तर तिने फक्त घसा खाकरला आणि ते गप्प झाले. मला त्या दोघांची भीती वाटत होती. एवढा राग तिच्या मनात राहिला तर घर कसं चालेल, असं सारखं मनात येत होतं.

हॉस्पिटलच्या आवारात उतरल्यावर ती गाडीला वळसा घालून आली आणि बाबांच्या डाव्या बाजूने चालायला लागली. एरवी ती उजव्या बाजूने चालते, त्यांचा हात धरून. आताही हात धरला. बोलली नाहीच.

काउंटरवरच्या बाईने आईला पाहून फाइल काढून ठेवलेली होती. तिने पेन उचललं.

"या पेशंट," ती लिहिता लिहिता म्हणाली, "आणि सोबत हे, नेहमीचे."

"नाही," आई म्हणाली. "आज पेशंट हे आहेत. त्यांची नवीन फाइल करा आणि त्यांना आधी आत घ्या. माझं इंजेक्शन नंतर. मी यांच्या सोबत आले आहे."