पेन थांबेपर्यंत

"हॅलब्रिज नाही यात," जज्जसाहेब म्हणाले.

मी त्यांच्या झग्याला ब्रश करत होतो. हात थांबवला नाही.

"कुठलं हॅलब्रिज, साहेब?"

"हॅलब्रिज किती आहेत, टॅपसेल?"

सर मॉरिस हेझलडीन यांच्याकडे मी वीस वर्षं कारकून होतो. त्यांना झगा चढवायचा, गळ्याच्या पांढऱ्या पट्ट्या बांधायच्या, गावोगावच्या कोर्टांत त्यांच्यासोबत फिरायचं, त्यांच्या वह्या सांभाळायच्या. दोन दिवसांनी ते निवृत्त होणार होते. आमच्यात रीत अशी की जज्जाच्या शेवटच्या दिवशी सगळे वकील कोर्टात गर्दी करतात आणि त्यांच्यातला सर्वांत ज्येष्ठ उभा राहून जज्जाच्या गाजलेल्या निकालांचं कौतुक करतो. त्याला ते निकाल आठवत नसतात हे उघड आहे. यादी कारकुनाने गुपचूप पुरवायची असते. मी अकरा निकाल काढले होते, आणि तोच कागद आता साहेबांच्या हातात होता. नदीत रंग सोडणाऱ्या कारखान्याचा होता, मेलेल्या घोड्याच्या विक्रीचा होता, आंधळ्या माणसाला खड्ड्यात पाडणाऱ्या नगरपालिकेचा होता. हॅलब्रिजचा नव्हता. आणि साहेबांचं नाव ज्या एका निकालामुळे विद्यार्थ्यांच्या पुस्तकात गेलं, तो नेमका हॅलब्रिजचा.

आता साहेबांचा स्वभाव सांगायला हवा. माणूस सज्जन, पण संशयी. सकाळी दूध आलं की आधी वास घेत. फिरतीवरच्या बंगल्यात मार्मालेडच्या बरणीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवत, म्हणजे स्वयंपाकीण किती खाते ते कळावं. शिपाई हसला तर का हसला, आणि गप्प बसला तर का गप्प बसला. साक्षीदार खोटं बोलतोय हे त्यांना वास घेऊन कळतं, असं वकील म्हणत. वीस वर्षं अशा माणसाबरोबर राहिल्यावर मीही तसाच झालो. बायकोने दोनदा "कसा आहेस?" विचारलं तरी हिला काय हवंय असं मला वाटे.

हॅलब्रिजचा खटला अडुसष्ट सालचा. मी नोकरीला लागून आठ महिने झाले होते. वॉल्टर ऑडी नावाचा विणकर गालिच्यांच्या गिरणीत यंत्रात सापडून मेला. यंत्रावरची संरक्षक जाळी तुटली होती. त्याची विधवा, विनिफ्रेड ऑडी, शपथेवर सांगत होती की पंधरा दिवस आधी मुकादम क्रॅबट्री तिच्या दारात आला होता, तेव्हा वॉल्टरने तिच्यादेखत त्याला जाळीबद्दल सांगितलं होतं. क्रॅबट्री म्हणत होता, असं काही झालंच नाही. कागद नाही, तिसरा माणूस नाही. एकाचं खरं म्हणजे दुसऱ्याचं खोटं.

सकाळी कोर्टाच्या बोळात ती बाई बाकावर बसली होती. काळे हातमोजे काढत होती, परत घालत होती. साक्षीदाराशी कारकुनाने अवाक्षरही बोलायचं नसतं. पण मी तरुण होतो आणि मला तिची दया आली. मी तिला पेपरमिंटची गोळी दिली.

"जज्ज कसे आहेत हो?" तिने विचारलं.

"सगळं हाताने लिहून घेतात. मध्ये बोललेलं खपत नाही त्यांना. तुम्ही त्यांच्या पेनावर नजर ठेवा. पेन थांबलं की मगच बोला."

"पेन थांबलं की."

"हां. तेवढं जमलं की झालं."

तिने तेवढं जमवलं. प्रश्न विचारला जाई, साहेब तो सावकाश लिहून घेत, आणि ती उभी. पेन थांबे, साहेब मान वर करत, मग ती उत्तर देई. दोन तास ती एकदाही चुकली नाही. साहेबांच्या शेजारी बसून मला तिचं कौतुक वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचंही. क्रॅबट्री आला तो फुटाण्यासारखा. प्रश्न संपायच्या आत उत्तर. साहेबांनी त्याला दोनदा दटावलं.

दुसऱ्या दिवशी निकाल वाचला. "ही बाई प्रत्येक उत्तराआधी थांबत होती. मी मान वर केल्याशिवाय तिने एकदाही तोंड उघडलं नाही. ती माझा चेहरा वाचत होती. खरं बोलणाऱ्याला थांबावं लागत नाही." शेवटचं वाक्य पुढे सगळीकडे गेलं. वकील ते एकमेकांना ऐकवत. त्या दिवशी मात्र खालच्या बाकावर ती बाई गुडघ्यावर हात ठेवून बसली होती, साहेबांच्या पेनाकडे बघत.

तिचा दावा फेटाळला गेला, तेवढ्यावर भागलं नाही. हॅलब्रिजसारख्या गावात राणीच्या जज्जाने खोटारडी म्हटलेली बाई म्हणजे कायमची खोटारडी. आणि मी? जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या गळ्याची पट्टी सरळ केली आणि काही बोललो नाही. साक्षीदाराला शिकवलं म्हणून नोकरी गेली असती. मी भ्यालो. याला दुसरा शब्द नाही.

पुढे एकोणीस वर्षं चोराच्या मनात चांदणं. साहेबांनी नुसतं "टॅपसेल" म्हणून हाक मारली की मला बोळातलं ते बाक आठवे. एकदा आगगाडीत वर्तमानपत्राआडून त्यांनी मध्येच विचारलं, "पेपरमिंट बाळगता का हो अजून?" मी गोळी दिली. त्यांनी ती खाल्ली नाही, खिशात ठेवली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यादी करताना मी त्यांची ती जुनी वही काढली. ऑडीबाईच्या साक्षीचं पान. निळ्या शाईत सगळं, सुबक. आणि समासात, केव्हातरी नंतर, पेन्सिलीने लिहिलेलं: "पेनाकडे बघायला हिला कोणी सांगितलं? टॅ.?" खाली बारीकशी तारीख होती, एकाहत्तर सालची.

म्हणजे मी ज्यांच्यापासून लपवत होतो, ते सोळा वर्षं माझ्यावर डोळा ठेवून होते.

"यादीत हॅलब्रिज का नाही, टॅपसेल?" साहेबांनी पुन्हा विचारलं. सवयीने त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

माझे डोळे पेनावर गेले. त्यांनी ते पाहिलं, टोपण परत लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"आता बोला."

"मी सांगितलं होतं तिला, साहेब. बोळात. वहीत तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे."

"वही पाहिलीत तर तुम्ही. मी फक्त प्रश्न लिहिला होता." ते खिडकीकडे वळले. "एकाहत्तरमध्ये एका वकिलाने माझ्यासमोर साक्षीदाराला सांगितलं, जज्जसाहेबांच्या पेनाकडे लक्ष द्या. तो साक्षीदार तसाच उभा राहिला. अगदी तिच्यासारखा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मग मला काहीतरी करावं लागलं असतं."

एवढा प्रामाणिक जबाब मी त्यांच्या कोर्टात कधी ऐकला नव्हता. मला त्यांचा राग आला. स्वतःचा तर एकोणीस वर्षं येतच होता.

"ती बाई आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे. त्याच घरात. दर नाताळात मी तिथल्या टपालवाल्याकडे चौकशी करतो."

"वाटलंच मला," ते म्हणाले. त्यांना आणखी काय काय वाटलं असेल, देव जाणे.

निवृत्तीच्या दिवशी कोर्टात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्येष्ठ वकील पेनिंग्टन यांनी माझी अकराची यादी म्हटली आणि मग चष्मा काढून म्हणाले, "कारकून महाशयांनी का कोण जाणे, पण सर्वांत मोठा हिरा लपवून ठेवला आहे." आणि हॅलब्रिजचं ते वाक्य घडाघडा म्हटलं. बाकं वाजली.

साहेब उत्तराला उठले. हवेबद्दल दोन शब्द बोलले, माझे आभार मानले. मग म्हणाले, "हॅलब्रिजचा निकाल चुकला होता. मिसेस ऑडी थांबत होत्या, कारण माझ्या पेनासाठी थांबा असं त्यांना माझ्याच कोर्टातून सांगितलं गेलं होतं. मी आज्ञाधारकपणाला लबाडी समजलो. ती बाई खरं बोलत होती."

आणि कोर्ट हसलं. मनापासून, डोळे पुसत हसलं. म्हातारा जाता जाता स्वतःचीच फिरकी घेतोय असं त्यांना वाटलं. जन्मभर ज्याने कोणावर विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर त्या दिवशी कोणी ठेवला नाही. साहेब हसू थांबायची वाट बघत उभे राहिले. ते थांबलं नाही, तेव्हा वाकून नमस्कार करून ते आत आले. झगा उतरवताना एवढंच म्हणाले, "लघुलेखकाने घेतलंय ना सगळं?"

"घेतलंय, साहेब."

"तुम्ही घेऊन जा. मी गेलो तर ती दार उघडणार नाही."

पुढच्या मंगळवारी मी गाडीने हॅलब्रिजला गेलो. भाषणाची टंकलेखित प्रत प्रवासात वाचायचा धीर झाला नाही. पत्र टाकून कळवलं होतं, येतोय म्हणून, कशासाठी ते नाही. मिसेस ऑडी सत्तरीच्या झाल्या होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"पेपरमिंटवाले ना तुम्ही? या की आत."

टेबलावर दोन कप मांडलेले होते, बरणीत बिस्किटं होती. किटली शेगडीवर होती.

"माझ्याशी त्या कोर्टात एक तुम्हीच नीट बोललात," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी माणसात धरलं नाही. एक विचारायचं राहिलंय बघा इतकी वर्षं. तुम्ही सांगितलंत तसंच केलं ना मी? कुठे चुकले?"

"नाही चुकलात," मी म्हणालो, आणि कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचू लागल्या. मीही समोरून उलटं वाचत होतो, आणि तेव्हा मला ते दिसलं. लघुलेखक चोख माणूस. जे घडलं ते त्याने टिपलं होतं: "ती बाई खरं बोलत होती. (हशा)."

त्यांचं बोट तिथे पोहोचायच्या आत मी कागद ओढून घेतला आणि पेन काढलं. कोर्टाच्या कागदावर मी जन्मात कधी खाडाखोड केलेली नव्हती. त्या काहीतरी बोलायला लागल्या होत्या. थांबल्या. मी तो शब्द कंसासकट खोडत होतो आणि त्या माझ्या पेनाकडे बघत होत्या, हात मांडीवर, अगदी गप्प. पेन थांबलं. मी ते खिशात ठेवलं.

मग त्यांनी उरलेलं वाचलं, पहिल्यापासून पुन्हा वाचलं, आणि कागद चौकोनी घडी करून घड्याळाच्या मागे ठेवला.

"मला ठाऊकच होतं मी खरं बोलत होते," त्या म्हणाल्या. "जज्जाला उशिरा कळलं. तुम्हाला कधी कळलं?"

पेन खिशात होतं. तरी मला उत्तर द्यायला वेळ लागला.

"तेव्हाच," मी म्हणालो. "निकाल वाचला तेव्हाच."

किटली उकळू लागली होती. त्या उठल्या. दोन कपांतला माझ्यासमोरचा कप उचलून त्यांनी कपाटात परत ठेवला, कपाट लावलं, आणि आपल्या कपात चहा ओतून घेतला.