बास म्हणणारा प्लग

मानवाच्या इतिहासात प्रकाशाने दोनदाच क्रांती केली. पहिली, सूर्य उगवला तेव्हा. दुसरी, सन एकोणीसशे नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात नाशिकच्या लोकरंजन सभागृहात डिजिटल डिमर आले तेव्हा. हे वाक्य सभागृहाचे व्यवस्थापक ललितराव पुरकर यांचं. निमंत्रणपत्रिकेवर छापण्याआधी कानाला कसं लागतं ते पाहावं म्हणून त्यांनी ते माइकवरून म्हणून पाहिलं, आणि शेवटच्या 'तेव्हा'तल्या 'व्हा'वर फ्यूज उडाला. पहिल्या क्रांतीच्या वेळी असं काही झाल्याची नोंद नाही.

फ्यूज बांधायला झुंबर गांगुर्डे गेला. गेली सव्वीस वर्षं तोच जात होता. आईने त्याचं नाव झुंबर ठेवलं तेव्हा गावात वीज नव्हती आणि झुंबर म्हणजे काय ते कुणी पाहिलंही नव्हतं. मुलाने मात्र ते नाव फारच मनावर घेतलं. सातवी झाल्यावर मांडववाल्याकडे लागला, मांडवातून सभागृहात आला, आणि रंगमंचाच्या बाजूच्या माळ्यावर, दिव्यांच्या खोलीत, कायमचा जाऊन बसला.

त्या खोलीत सहा जुने डिमर होते. डिमर म्हणजे दिवा हळूहळू मंद करायचं यंत्र: लोखंडी चौकट, आत गुंडाळलेली तार, बाहेर एक दांडी. दांडी खाली ओढली की तार वीज अडवायची, दिवा मंद व्हायचा, आणि अडवलेल्या विजेने तार तापायची. इतकी, की चार नंबरच्या डिमरवर झुंबरचा जेवणाचा डबा गरम व्हायचा. एवढ्या वर्षांच्या अभ्यासातून त्याने एक सिद्धांतही काढला होता. शोकांतिका असली की रंगमंचावर अंधार फार, म्हणून भाजी कढत. विनोदी नाटकात सगळा लख्ख उजेड, म्हणून भाजी गार. त्यामुळे झुंबरला गंभीर रंगभूमीबद्दल मनापासून आदर होता.

तर ते सहा डिमर भंगारात गेले. त्यांच्या जागी चार करड्या पेट्या आल्या, प्रत्येकीत सहा दिव्यांची सोय. वर एक मेज, त्यावर दिवे कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या आणि बटणं. आणि मेजापासून पहिल्या पेटीला, पहिलीपासून दुसरीला, अशी पुढे गेलेली एकच एक बारीक वायर. यंत्राबरोबर मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर आला होता, मनोज नावाचा. कमरेला पेजर, तोंडात च्युइंगम.

"साहेब," झुंबरने त्याला विचारलं, "एवढ्या बारीक वायरीतून चोवीस दिव्यांची वीज जाती?"

"वीज नाही जात काका. सिग्नल जातो. डेटा."

"म्हंजी काय जातं?"

"नंबर जातात."

"मग कुठला नंबर आपला, ते पेटीला कसं कळतं?"

"अ‍ॅड्रेस असतो ना प्रत्येकीला. बायनरी. ते जाऊ द्या काका, तुम्हाला नाही कळणार."

झुंबरला आजवर लोक बरंच काय काय म्हणाले होते. एका नटाने तर अंधारात चप्पल मारली होती, तीही दुसऱ्याला मारायची म्हणून. पण हे वाक्य त्याला चपलेपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर पाटी लागली: 'डिजिटल यंत्रणेला अप्रशिक्षित व्यक्तींनी हात लावू नये. हुकुमावरून.' त्याखाली टाइप केलेला आदेश होता. एक डिसेंबरपासून श्री. गांगुर्डे यांची नेमणूक वाहनतळावर करण्यात येत आहे. दिव्यांसाठी डिप्लोमाधारक येईल.

झुंबर आदेशाची प्रत हातात घेऊन पुरकरांच्या केबिनमध्ये गेला.

"मी जाणार नाय."

"अहो गांगुर्डे, वाहनतळावर मोकळी हवा आहे. शिट्टीही मिळेल."

"शिट्टी तुमच्याकडंच ठिवा. मला कळत नाय म्हणून काढताय ना? मग आधी कळतंय का नाय ते बघा."

"ते डिजिटल आहे हो. इंग्रजी आहे सगळं."

"दिवा इंग्रजीत लागतो का?"

पुरकरांनी नियम सांगितला. अठ्ठावीस तारखेला रविवारी सकाळी दहाला उद्घाटन. शो इंजिनिअर चालवतील. एक तारखेला वाहनतळ.

हातात नऊ दिवस होते.

सभागृहाच्या साउंडची व्यवस्था फारुख पाहायचा. माणूस बारावी झालेला, आणि मुख्य म्हणजे स्वभावाने खट्याळ. त्याने यंत्राबरोबर आलेलं चौसष्ट पानी पुस्तक मनोजकडून वाचायला म्हणून मागून घेतलं. मनोजने दिलंही. त्याने स्वतः ते कधी उघडलं नव्हतं, कारण त्यावरचं प्लॅस्टिक तसंच होतं.

रोज दुपारी साउंडच्या खोलीत वाचन सुरू झालं. फारुख इंग्रजी वाचायचा, मराठीत सांगायचा, आणि अडला की हिंदीत चिडायचा.

"झुंबरभाऊ, इथं लिहिलंय की मेजावरून नंबर निघतात ते ओळीनं. पहिला, दुसरा, तिसरा... पाचशे बारापर्यंत. मग जरा थांबतात. मग फिरसे पहिला. सेकंदाला चाळीस-चव्वेचाळीस वेळा. और किसी पे नाम नहीं लिखा!"

"नाव नसतं?"

"कुणाचंच नाही. नुसतं किती उजेड, तेवढंच. शून्य ते दोनशे पंचावन्न. प्रत्येक पेटी मोजत बसते, आणि आपली पाळी आली की तिथून सहा उचलते."

झुंबरने बोटांवर एक ते सहा मोजले. मग त्याने मांडीवर थाप मारली.

"फारुखभाई, ही तर पंगत हाय!"

"कसली?"

"लग्नातली. वाढपी काय नाव विचारतो का? तो आपला या टोकाकडून वाढत सुटतो. कुणाला पळीभर, कुणाला थेंबभर. पेटी एक नंबरच्या पाटावर बसली की एक ते सहा वाट्या तिच्या. दुसरी पेटी सातव्यावर. तिसरी तेराव्यावर. चौथी एकोणिसाव्यावर. मधी थांबला म्हंजी नवी पंगत बसली. पहिल्यापासून मोजा."

फारुखने पुस्तकात पाहिलं, झुंबरकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं. पुस्तकाला हे समजावायला अकरा पानं लागली होती.

बायनरीला एवढाही वेळ लागला नाही. पेटीच्या पाठीमागे तांदळाएवढ्या बटणांची रांग होती. कुठलं बटण वर करायचं, त्यावर पेटीचा पाट ठरायचा. पहिल्या बटणाची किंमत एक, दुसऱ्याची दोन, मग चार, आठ, सोळा.

"मायला," झुंबर म्हणाला, "ही आमच्या आईची वजनं!"

झुंबरची आई कुसाबाई पिंपळगावच्या बाजारात भाजी विकायची, किलो यायच्या आधीच्या काळात. तिच्या तागडीत छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर आणि शेर अशी पाचच वजनं असायची. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. त्या पाचांतून ती गिऱ्हाईक मागेल ते तोलायची, आणि शेजारी बसलेलं पोर हिशेब पाठ करायचं. त्या पोराला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं, की आपली आई बायनरीत भाजी विकत होती.

"तेरा कसं करायचं?" फारुखने परीक्षा घेतली.

"अच्छेर, पावशेर, छटाक."

"आठ, चार, एक. बरोबर. एकोणीस?"

"शेर, नवटाक, छटाक. यात काय हाय? मिरच्या तोलल्यात मी असल्या."

एक कोडं मात्र राहिलं. चौथ्या पेटीच्या पुढे वायर नव्हती, तरी तिच्या भोकात एक प्लग खोचलेला होता. वायर नसलेला, नुसता प्लग. फारुखने तो उघडला. आत तांदळाएवढी एक वस्तू.

"हा तर रेझिस्टन्स आहे," फारुख म्हणाला. "वीज अडवायला. जुन्या डिमरमधल्या तारेचा नातू म्हणायचा." मग त्याने पुस्तकातून शोधलं. "हा नसला, तर सिग्नल शेवटच्या टोकाला आपटून परत फिरतो. मग सगळा गोंधळ."

"फिरणारच की! पंगतीत शेवटच्या पाटावरच्या माणसानं ताटावर हात आडवा धरून 'बास' म्हणावं लागतं. तो नसला तर वाढपी उलटा वळतो आन् भरल्या ताटात पुन्हा वाढत येतो. भातावर जिलबी, जिलबीवर आमटी." झुंबरने तो प्लग हातात धरून पाहिला. सगळे डिमर भंगारात गेले, पण शेवटी अडवायला यांना एक रेझिस्टन्स ठेवावाच लागला, याचं त्याला मोठं समाधान वाटलं. त्याने प्लग परत चौथ्या पेटीत नीट खोचला.

अठ्ठावीस तारीख उजाडली. गंगापूर रोडवरचे सगळे प्रतिष्ठित पहिल्या रांगेत. नाशिक रोडच्या मीनाताईंच्या मंडळाची एकांकिका होती, आणि त्यात संध्याकाळ हळूहळू उतरते असा प्रसंग. तालमीला सगळं ठीक चाललं होतं; झुंबरने ती जिन्यात उभं राहून पाहिली होती. साडेदहाला मनोजने मेज चालू केलं आणि रंगमंचाला हुडहुडी भरली. लाल दिवा फडफडला, निळा लागून विझला, मागचा पिवळा स्वतःच्या मनाने लागला. पडदा उघडलेला नव्हता म्हणून अब्रू आत होती, एवढंच. समोर दीपप्रज्वलनाची समई तेवढी स्थिर जळत होती.

"अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे," मनोज म्हणाला. मग म्हणाला, "उंदरांनी वायर कुरतडली." मग "तुमच्या नाशिकच्या व्होल्टेजचा." शेवटी त्याने घाईघाईत चारही पेट्यांची बटणं खाली पाडून सगळं पहिल्यापासून करायला घेतलं, आणि त्याच्या लक्षात आलं की बटणांचा तक्ता हॉटेलवर राहिला.

दिवे फडफडायचे थांबले होते, कारण आता कुठलीच पेटी कुठल्याच पाटावर बसलेली नव्हती.

झुंबर जिन्यात उभा होता. फारुखने त्याला कोपराने ढोसलं. झुंबरने कानामागची पेन्सिल काढली आणि तो आत गेला.

"गांगुर्डे!" पुरकर ओरडले. "पाटी वाचली नाही का? हात लावायचा नाही!"

"हात कुठं लावतोय? पेन्सिल हाय."

पेन्सिलीच्या टोकाने तो पेटीमागून पेटी घेत गेला. "ही पहिली. छटाक. ही सातवर. पावशेर, नवटाक, छटाक. ही तेरावर..."

"काका, काय करताय?" मनोज कॅल्क्युलेटर शोधत होता.

"बायनरी," झुंबर म्हणाला.

चौथ्या पेटीपाशी तो थांबला. पेटीचं भोक रिकामं होतं.

"हितला बास कुठंय?"

"कोण बास?" पुरकरांनी विचारलं. "आजच्या पत्रिकेत तर बास नावाचे कुणी पाहुणे नाहीत."

"बिनवायरीचा प्लग हो! हितं खोचलेला होता."

पुरकरांचा चेहरा उतरला. सभागृहात सुटं काही दिसलेलं त्यांना खपायचं नाही. सकाळी फेरी मारताना वायर नसलेला एक प्लग उगाच लटकताना दिसला, म्हणून त्यांनी तो काढून डेड स्टॉकच्या कपाटात टाकला होता. 'निरुपयोगी वस्तू, नग एक' अशी नोंदही केली होती.

"निरुपयोगी?" झुंबर म्हणाला. "अख्ख्या पंगतीत तो एकटाच शहाणा होता."

कपाट उघडलं, प्लग आला, फारुखने तो खोचला. मनोजने मेजावरची पट्टी वर केली. लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मनोजने घाम पुसला, आणि मेजापासून आपण होऊन बाजूला झाला. "काका, तुम्हीच घ्या. कुठला दिवा कधी, ते क्यू माझे अजून कच्चे आहेत," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "तो प्लग कशासाठी असतो ते पण नंतर सांगा."

एकांकिका सुरू झाली. झुंबर मेजाशी बसला आणि पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने पट्ट्या सरकवू लागला. एकदा एक पट्टी, एकदा दुसरी. संध्याकाळचा प्रसंग जवळ आला. त्यात सहा पट्ट्या एकदम उतरवायच्या होत्या.

"अहो, हात लावा आता!" पुरकर कुजबुजले.

"पाटी हाय."

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही तोंडी सांगताय. पाटी लेखी हाय. हुकुमावरून हाय."

"गांगुर्डे, पाहुणे बसलेत समोर!"

"मग पाहुण्यांना सांगा संध्याकाळ आज एका पेन्सिलीनं होईल. जरा उशीर लागंल."

खाली मीनाताईंची नायिका खिडकीशी जाऊन म्हणाली, "सांज झाली गं." लख्ख दुपार होती. तिने पुन्हा म्हटलं, "सांज झाली गं." प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं.

पुरकर दाराकडे धावले. चार खिळे होते. त्यांनी नखांनी, किल्लीने आणि शेवटी चावून ती पाटी उपटली, आणि आदेशासकट छातीशी धरून उभे राहिले.

झुंबरने पेन्सिल कानामागे ठेवली. सव्वीस वर्षं दांड्या ओढलेली दहाही बोटं त्याने पट्ट्यांवर ठेवली, आणि सांज झाली. अशी झाली की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शाल ओढून घेतली.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. अध्यक्षांनी डिजिटल युगाचं कौतुक केलं. सगळं संपल्यावर पुरकर पाटीचे तुकडे घेऊन पुन्हा वर आले.

"गांगुर्डे, वाहनतळाचा आदेश रद्द. डिप्लोमाधारकालाही नको म्हणून कळवतो." मग पाटीचे तुकडे मेजाखाली सारून म्हणाले, "आणि माझ्याकडून जे झालं त्याबद्दल, तुमची काय अट असेल ती सांगा. पदनाम हवं? मुंबईला प्रशिक्षण? लेखी माफी म्हणाल तर तीही देतो. आज तुम्ही मागाल ते."

फारुख पुढे सरकला. मनोज वही काढून उभा राहिला. झुंबरने खूप विचार केला. मग पिशवीतून जेवणाचा डबा काढला, चौथ्या पेटीवर ठेवला, जरा वेळाने उचलून त्याच्या बुडाला हात लावून पाहिला, आणि मान हलवली.

"साहेब, हे नवं यंत्र चांगलं हाय. पण लय गार हाय. भाजी तापवायला एखादी शेगडी मिळंल का? छोटी चालंल."